नॉर्थस्टारच्या आधी आणि नंतर: सुपरहिरो कॉमिक्समधली सुरुवातीची समलिंगी पात्रं

अक्षरवेडा (मूळ धागा)

सुपरहिरो कॉमिक्समधला पहिला समलिंगी नायक कोण, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: मार्व्हल या प्रकाशनाचा नॉर्थस्टार, 'अल्फा फ्लाइट'चा १०६ वा अंक, मार्च १९९२. उत्तर चुकीचं नाही. पण त्या एका अंकाचा इतका गाजावाजा झालाय की त्याआधीची तेरा वर्षं हे पात्र तोंड मिटून कसं वावरलं आणि त्यानंतर त्याला पुन्हा कसं गप्प बसवलं गेलं, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला त्याबद्दल बोलायचंय. इथे कॉमिक्स वाचणारे बरेच आहेत, तेव्हा भर घाला, आणि पटणार नाही तिथे खुशाल भांडा.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञाचं 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक आलं. कॉमिक्स वाचून मुलं गुन्हेगारीकडे वळतात हा त्याचा मुख्य मुद्दा. पण बॅटमन आणि रॉबिनबद्दल त्यानं असंही लिहिलं की दोन समलिंगींनी एकत्र राहायचं स्वप्न पाहावं तसं यांचं घर आहे. त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. प्रकाशक धास्तावले आणि सरकारनं काही करायच्या आत त्यांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' लिहून काढला. त्यात एक कलम होतं: लैंगिक विकृती किंवा तिचं नुसतं सूचन, दोन्हीला सक्त मनाई. समलिंगी माणसं त्या 'विकृती'त धरली जात. १९७१ मध्ये कोड सैल झाला, व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ परत आले, हे कलम मात्र तसंच राहिलं. ते गेलं १९८९ मध्ये. तब्बल पस्तीस वर्षांनी.

नॉर्थस्टार जन्माला आला तो या काळात. खरं नाव ज्याँ-पॉल बोबिए, क्वेबेकचा, नावाजलेला स्कीइंगपटू, फटकळ आणि गर्विष्ठ. १९७९ साली 'एक्स-मेन' अंक १२० मध्ये तो पहिल्यांदा दिसला, आणि १९८३ मध्ये लेखक-चित्रकार जॉन बर्ननं कॅनडाच्या सुपरहिरो संघाची 'अल्फा फ्लाइट' ही स्वतंत्र मालिका सुरू केली. हे पात्र आपण समलिंगी म्हणूनच घडवलं होतं, असं बर्ननं नंतर उघडपणे सांगितलंय. लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं आडून लिहिलं. सातवा अंक जरूर बघा. ज्याँ-पॉल आपली जुळी बहीण ऑरोरा हिला माँट्रियलमध्ये रेमोंड बेलमोंड नावाच्या एका वयस्क माणसाकडे नेतो. अडनिड्या वयात त्याला आधार दिलेला हा माणूस. दोघं कसे भेटतात, काय बोलतात, ते वाचून नात्याचा पोत कळतो, पण नाव कुणीच घेत नाही. त्याच अंकात रेमोंड मारला जातो आणि ज्याँ-पॉल जो कोसळतो, तो नुसता मित्र गेला म्हणून नव्हे, हे जाणत्या वाचकाला तेव्हाही समजलं असणार.

बर्न गेल्यावर मालिका बिल मँटलोकडे आली. त्यानं ज्याँ-पॉलला खोकला लावला, अंगातली ताकद ओसरत चाललेली दाखवली. रोख एड्सकडे होता. तो बेत तडीस गेला नाही. १९८७ मध्ये पन्नासाव्या अंकात कळतं की आजाराचं कारण म्हणजे या जुळ्यांच्या अंगातलं परीलोकाचं रक्त! पुढे दुसऱ्या लेखकानं तेही खोटं ठरवून टाकलं. एका खऱ्या, माणसं मारणाऱ्या रोगाची गोष्ट सांगायची संधी होती, तिचं हे असं झालं.

मग १०६. लेखक स्कॉट लॉबडेल, चित्रं मार्क पॅसेला. टोरोंटोत एका मारामारीदरम्यान नॉर्थस्टारला कचऱ्यात टाकून दिलेली तान्ही मुलगी सापडते. तिला एड्स आहे. तो तिला आपली म्हणतो, तिचं नाव जोॲन ठेवतो, आणि सगळा कॅनडा तिच्यासाठी हळहळतो. हे बघून मेजर मेपललीफ नावाचा दुसऱ्या महायुद्धातला म्हातारा नायक संतापतो, कारण त्याचा मुलगा मायकल समलिंगी होता, एड्सनं गेला आणि त्याच्यासाठी कुणीही रडलं नव्हतं. तो थेट इस्पितळात घुसतो. त्या झटापटीत, भिंती फुटत असताना, ज्याँ-पॉल ओरडून सांगतो की मीही समलिंगी आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते म्हाताऱ्याचं उत्तर. तुझ्यासारखी प्रसिद्ध माणसं गप्प बसली, म्हणून माझा मुलगा मेला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, अशा अर्थाचं तो बोलतो. चित्रं त्या काळच्या मार्व्हलसारखीच, नुसते स्नायू आणि आवळलेले दात. लिखाणही भडक आहे. तरी हा आरोप मनाला लागतो, कारण तो नायकावर जितका आहे तितकाच छापणाऱ्यांवरही आहे.

अंक आठवड्याभरात संपला, पुन्हा छापावा लागला. 'न्यूयॉर्क टाइम्स'नं त्यावर अग्रलेख लिहिला. आणि नंतर? जवळपास काहीच नाही. १९९४ मध्ये नॉर्थस्टारच्या नावानं चार अंकांची स्वतंत्र मालिका निघाली, तिच्यात या गोष्टीचा उल्लेखसुद्धा नाही. त्याच वर्षी 'अल्फा फ्लाइट' १३० व्या अंकावर बंद पडली. काइल जिनाडू या जोडीदाराशी त्याचं लग्न लागलं ते २०१२ मध्ये, 'ॲस्टोनिशिंग एक्स-मेन' अंक ५१ मध्ये.

जाहीर करायला एक पान पुरतं. त्या माणसाला घर मिळालं का, जोडीदार मिळाला का, साधी भांडणं आणि साधे दिवस मिळाले का, हे मी प्रत्येक पात्राच्या बाबतीत बघतो. नॉर्थस्टारला त्यासाठी वीस वर्षं थांबावं लागलं.

तिसरीघंटा

छान लिहिलंय. एक शंका: कोड म्हणजे काही कायदा नव्हता ना? मग एखाद्या प्रकाशकानं तो झुगारून का दिला नाही?

वाटसरू

तिसरीघंटा, कायदा नव्हता, पण पोटाचा प्रश्न होता. कव्हरच्या कोपऱ्यात कोडचा शिक्का नसेल तर वितरक गठ्ठे उचलायचे नाहीत आणि पेपरस्टॉलवाले अंक लावायचे नाहीत. स्टॉलवर नाही म्हणजे विक्री नाही. म्हणून मोठे प्रकाशक निमूट राहिले.

हे बदललं ते सत्तरच्या दशकात फिल स्युलिंगनं थेट कॉमिक्सच्या दुकानांना माल द्यायची पद्धत सुरू केली तेव्हापासून. या दुकानदारांना शिक्क्याशी देणंघेणं नव्हतं. मग डीसी या दुसऱ्या मोठ्या प्रकाशनानं १९८२ मध्ये फक्त अशा दुकानांसाठी 'कॅमलॉट ३०००' काढलं, बारा अंकांचं, लेखक माइक बार, चित्रकार ब्रायन बोलँड. आर्थर राजाचे सरदार इ.स. ३००० मध्ये पुन्हा जन्मतात. त्यातला सर ट्रिस्टन बाईच्या शरीरात जन्मतो, आणि त्याची इसोल्डही बाईच आहे. ट्रिस्टनला आधी हे शरीर नकोसं असतं, पुरुष होता यावं म्हणून तो शत्रूशी सौदा करायच्या टोकाला जातो, आणि शेवटी दोघी एकत्र येतात. १९८५ मध्ये, डीसीच्या छापील अंकात! हे लेखकांच्या धाडसानं झालं हे खरंच, पण माल कोणत्या वाटेनं गेला हेही तितकंच निर्णायक होतं. डीसीचंच 'वॉचमेन' हे कॉमिकसुद्धा शिक्क्याविना आलं. त्यात सिलुएट ही नायिका, बाईवर प्रेम करते म्हणून तिला संघातून काढलं जातं आणि पुढे तिचा खून होतो. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या ढोंगाबद्दल त्यात जे लिहिलंय ते अजून वाचवत नाही.

सह्यकडा

माहिती चांगली आहे. पण माझं मत वेगळं आहे. ही मुलांची पुस्तकं होती. त्यात कुणाची लैंगिकता हवीच कशाला? ना सरळ, ना समलिंगी.

मनवा

सह्यकडा, तुमचा मुद्दा कळला, पण 'कुणाचीच नको' असं कधी नव्हतंच. लोइस लेन १९३८ पासून सुपरमॅनच्या मागे आहे. रीड आणि सू यांचं लग्न १९६५ मध्ये 'फँटॅस्टिक फोर'च्या वार्षिक अंकात थाटामाटात लागलं. १९८७ मध्ये स्पायडर-मॅनचं मेरी जेनशी लग्न झालं तेव्हा मार्व्हलनं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये नट उभे करून खराखुरा सोहळा केला, मुलाबाळांसकट हजारो प्रेक्षकांसमोर. त्याला कुणी लैंगिकता म्हटलं नाही, प्रेम म्हटलं. त्याच वर्षी नॉर्थस्टारचा आजार परीलोकावर ढकलला गेला. फरक एवढाच होता, आणि फार मोठा होता.

वर्थमबद्दलही थोडं सांगते, कारण त्याचं नाव नेहमी एकाच रंगात रंगवलं जातं. हार्लेममध्ये त्यानं लाफार्ग क्लिनिक चालवलं, जिथे गरीब कृष्णवर्णीयांना जवळपास फुकट उपचार मिळत. शाळांमधला वर्णभेद मुलांना कसा पोखरतो यावर त्यानं कोर्टात साक्ष दिली. हे त्याच्या पदरात टाकायलाच हवं. पण त्याचे कागद २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसनं खुले केले, आणि इलिनॉय विद्यापीठाच्या कॅरल टिली यांनी ते तपासून २०१२ मध्ये लेख लिहिला. बॅटमन-रॉबिनच्या घरात राहावंसं वाटतं असं सांगणारा जो एक तरुण पुस्तकात आहे, तो मुळात दोन मुलं होती. एकमेकांशी संबंध असलेली. त्यांचं बोलणं वर्थमनं एका तोंडी घातलं, आणि त्यांना टारझन आणि सब-मरिनर जास्त आवडायचे हे गाळलं. त्या दोन मुलांचा विचार माझ्या मनातून जात नाही. विश्वासानं डॉक्टरांना सांगितलेली गोष्ट त्यांच्यासारख्यांचं नाव छापायला बंदी घालायच्या कामी आली.

सह्यकडा

ही कागदपत्रांची बाजू मला माहीत नव्हती. लग्नांचा मुद्दा रास्त आहे. कॉमिक्समध्ये एखादा विषय फक्त खप वाढवायला आणला जातो, त्याला माझा विरोध कायम आहे.

मनवा

त्याला माझाही आहे.

रानपाखरू

या धाग्यात आर्नी रॉथचं नाव आलंच पाहिजे.

'कॅप्टन अमेरिका', १९८२, लेखक जे. एम. डीमॅटाइस, चित्रकार माइक झेक. आर्नी हा स्टीव्ह रॉजर्सचा, म्हणजे कॅप्टन अमेरिकाचा, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधला लहानपणचा मित्र. स्टीव्ह तेव्हा काडीपैलवान, आणि गल्लीतल्या दांडगट पोरांपासून त्याला वाचवायचा आर्नी. चाळीस वर्षांनी तो परत येतो. स्टीव्ह बर्फात गोठलेला असल्यामुळे अजून तरुण, आर्नी टक्कल पडलेला, पोट सुटलेला. त्याचा जोडीदार मायकल संकटात आहे. कोडमुळे मायकलला 'रूममेट' म्हटलंय, पण आर्नी ज्या काकुळतीनं मदत मागतो ती रूममेटसाठीची नाहीच. आणि स्टीव्ह? एक प्रश्न विचारत नाही. उठतो आणि निघतो.

पुढे १९८४ च्या सुमाराला, तेव्हाही डीमॅटाइसच लिहीत होता, शत्रू आर्नीला पकडतात. त्याच्या तोंडाला विदूषकाचा रंग फासून, दिव्याखाली उभं करून, त्याच्याच तोंडून त्याच्या प्रेमाची निंदा वदवून घेतात. मी किळसवाणा आहे, आमचं खोटं होतं, असं. तेव्हा कॅप्टन अमेरिका त्याला धरून सांगतो की माझं बर्नीवरचं प्रेम जसं कुणी नासवू शकत नाही, तसंच तुझं मायकलवरचं. बर्नी म्हणजे स्टीव्हची वाग्दत्त वधू. दोन्ही प्रेमं एका वाक्यात, एका तागडीत. कोडचा शिक्का कव्हरवर असताना.

मला हा अंक नव्वदच्या दशकात मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळाला, कव्हर फाटलेलं, मधली दोन पानं सुटलेली. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि स्वतःबद्दल कुणाशी बोलावं हे मला कळत नव्हतं. अशोक राव कवींचं 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक १९९० पासून मुंबईतूनच निघत होतं, पण ते हातात पडायला मला आणखी काही वर्षं जायची होती. त्याआधी मला भेटला तो हा पोट सुटलेला, घाबरलेला, प्रेमळ माणूस. नॉर्थस्टार देखणा आहे, उडतो, त्याच्याकडे पदकं आहेत. आर्नीकडे यातलं काही नाही, तरी कॅप्टन अमेरिका त्याला मित्र म्हणतो. अक्षरवेडा, तुम्ही विचारता तसं घर आर्नीला मिळालं होतं. ते पुढे लेखकांनी मोडलं हे दुर्दैव, पण आधी ते होतं.

अक्षरवेडा

रानपाखरू, मनापासून आभार. मी नॉर्थस्टारभोवतीच फिरत राहिलो असतो.

टोरोंटोकर

इथे कॅनडात राहून एक गोष्ट जाणवते ती सांगतो. अल्फा फ्लाइट हा सरकारी संघ आहे, 'डिपार्टमेंट एच' या खात्यानं उभारलेला. आता खऱ्या कॅनडाकडे बघा. दोन प्रौढांमधले खासगी समलिंगी संबंध इथे १९६९ मध्ये गुन्हा राहिले नाहीत. पण फेब्रुवारी १९८१ मध्ये टोरोंटोच्या पोलिसांनी एका रात्रीत समलिंगींच्या बाथहाउसवर धाडी घालून सुमारे तीनशे माणसं पकडली, आणि दुसऱ्या रात्री हजारो लोक रस्त्यावर उतरले. सैन्यात समलिंगींना बंदी होती, ती उठली ऑक्टोबर १९९२ मध्ये, मिशेल डग्लस या अधिकारी बाईनं खटला लावून धरल्यावर. म्हणजे नॉर्थस्टार बोलला तेव्हा त्याच्या देशाच्या गणवेशात तसं बोलणारा खरा माणूस नोकरी गमावत होता. मेजर मेपललीफ हा महायुद्धातला सैनिक आहे, हे त्या संदर्भात वाचलं की अंक जड होतो. लॉबडेलच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. मी इथे राहून तो असा वाचतो.

वाटसरू

डीसीकडचं कुणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. १९८८ मध्ये 'मिलेनियम' या मालिकेतून एक्स्ट्रान्यो आला, पेरूचा जादूगार, स्टीव्ह एंगलहार्टनं लिहिलेला. भडक कपडे, नाटकी हातवारे, सहकाऱ्यांत स्वतःला मावशी म्हणवून घेणारा. समलिंगी हा शब्द तेव्हा त्याच्याबद्दल छापला गेला नाही, पण कुणाला शंका राहू नये याची पुरेपूर तजवीज केलेली. 'न्यू गार्डियन्स' या मालिकेत त्याच्यासमोर हीमो-गॉब्लिन नावाचा खलनायक उभा केला, जो चावून एड्स पसरवतो. पुढे एक्स्ट्रान्योलाही एचआयव्हीची लागण. मालिका बारा अंकांत संपली. हेतू चांगला असेलही, परिणाम वाईट झाला. ज्या वर्षांत लोक रुग्णांच्या हातचं पाणी प्यायला घाबरत होते, त्या वर्षांत चावणारं पिशाच्च दाखवणं मला माफ करता येत नाही.

त्याच्याही आधी, १९८० मध्ये मार्व्हलच्या 'हल्क' मासिकात याहून वाईट प्रकार झाला होता. मासिक असल्यानं त्याला कोड लागू नव्हता. मिळालेल्या मोकळिकीत काय लिहिलं, तर वसतिगृहाच्या स्नानगृहात ब्रूस बॅनरवर, म्हणजे हल्कच्या माणूसरूपावर, दोन समलिंगी पुरुष बलात्काराचा प्रयत्न करतात. लेखक जिम शूटर, तेव्हाचा मार्व्हलचा मुख्य संपादक. कोड नसला म्हणजे आपोआप चांगलं लिहिलं जातं असं नाही.

मनवा

आणि याच्या अगदी उलट मॅगी सॉयर. १९८७ मध्ये जॉन बर्ननंच सुपरमॅनच्या कथांत आणलेली मेट्रोपोलिस पोलिसांच्या विशेष गुन्हे पथकाची प्रमुख. आखूड केस, चढा आवाज, सुपरमॅनलाही कामाला लावणारी. 'सुपरमॅन'च्या १९८८ मधल्या पंधराव्या अंकात तिची मुलगी बेपत्ता होते आणि त्या ओघात तिचा भूतकाळ कळतो: लग्न, घटस्फोट, आणि ती कोण आहे हे कळल्यामुळे मुलीचा ताबा नवऱ्याकडे गेलेला. टोबी रेंस ही तिची पत्रकार मैत्रीण. कोड अजून जागेवर होता, त्यामुळे शब्द नाही, फक्त सुपरमॅनचा समजून घेतल्याचा चेहरा. मला मॅगी आवडते कारण तिच्या गोष्टीत तिचं काम आधी येतं. ती पथक चालवते, दमते, घरी टोबी असते. आई म्हणून तिचं काय गेलं हे दोन पानांत आलंय, आणि मुलीचा ताबा असा गमावलेल्या खऱ्या बायका तेव्हा अमेरिकेत कमी नव्हत्या. १९९४ मध्ये तिच्या पथकावर चार अंकांची मालिका आली, त्यात टोबी व्यवस्थित आहे, घरासकट. नॉर्थस्टारच्या चार अंकांशी तुलना करून बघा. तेच वर्ष, तेवढेच अंक.

तिसरीघंटा

हे वाचून लगेच शोधायला लागले. पाइड पायपरबद्दल कुणीच कसं नाही लिहिलं? त्याचा उल्लेख 'फ्लॅश'च्या संदर्भात ऐकलाय.

अक्षरवेडा

लिहितो. 'फ्लॅश' अंक ५३, ऑगस्ट १९९१, लेखक विल्यम मेसनर-लोब्स. म्हणजे नॉर्थस्टारच्या काही महिने आधी. पाइड पायपर हा सुधारलेला खलनायक, आता बेघरांसाठी काम करणारा, आणि वॉली वेस्टचा म्हणजे फ्लॅशचा मित्र. दोघं गप्पा मारत असतात. जोकर समलिंगी आहे म्हणे, असं वॉली सहज विचारतो. पायपर म्हणतो, छे, तो विकृत आणि क्रूर आहे, त्याला माणसासारख्या भावना तरी असतील का शंका आहे. खलनायकांत समलिंगी कुणी आठवत नाही, अर्थात मी सोडून. वॉली गडबडतो, काहीतरी कारण काढून सटकतो. पुढे ओशाळतो आणि मैत्री टिकते. भिंती फुटत नाहीत, अग्रलेख येत नाहीत. वॉलीचा तो अवघडलेपणा मला फार खरा वाटतो, कारण बहुतेक घरांत आणि मित्रांत हे असंच घडतं.

टोरोंटोकर

एक्स्ट्रान्योची पुरवणी. २०१६ मध्ये स्टीव्ह ऑर्लँडोनं 'मिडनायटर अँड अपोलो'मध्ये त्याला परत आणलं. आता तो ग्रेगोरियो या आपल्या नावानं वावरतो, शांत, रुबाबदार, कसलेला जादूगार. टॅस्मेनियन डेव्हिल हा नायक त्याचा जोडीदार, आणि त्यांना एक मुलगी आहे. अक्षरवेडांच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

सह्यकडा

नव्यानं वाचणाऱ्यानं सुरुवात कुठून करावी? सगळं मिळणं अवघड दिसतंय.

अक्षरवेडा

'सुपरमॅन'चा तो पंधरावा अंक आणि 'फ्लॅश' ५३ आधी वाचा, दोन्ही एका बैठकीत होतात आणि मागचं काही माहीत असावं लागत नाही. मग आर्नीचे 'कॅप्टन अमेरिका'चे अंक, सलग मिळाले तर उत्तम. 'अल्फा फ्लाइट' ७ आणि १०६ मात्र लागोपाठ वाचा, मध्ये दुसरं काही नको. आणि १९९३ चं 'एनिग्मा' हे समलिंगी नायकाचं कॉमिक, पीटर मिलिगन आणि डंकन फेग्रेडो यांचं, आठ अंकांत पूर्ण. सुरुवातीची चित्रं मुद्दाम खरवडल्यासारखी आहेत, त्यामुळे पहिले दोन अंक चिकाटीनं काढा. संग्रहित आवृत्ती निघालेली आहे.